शेवटचा सामना न बघणाऱ्या मॅडम

सिनेमा खेळाचा असला आणि त्यातला शेवटचा सामना सुरू झाला, की आमच्या मॅडम उठायच्या. अंधारात पायानं चप्पल शोधायच्या, फुटाण्याची पुडी मुडपून ट्रॅकसूटच्या खिशात घालायच्या आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर जायच्या. जाताना मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "जिंकतेत. काय बघायचं?"

आम्ही मुली बसून राहायचो. आम्हाला बघायचं असायचं. डोळे पुसून बाहेर आलो की मॅडम टॉकीजसमोरच्या गाड्यावर दुसरा चहा घेत उभ्या असायच्या.

"काय झालं?"

"जिंकले, मॅडम."

"मग? मी काय येगळं सांगितलं व्हतं?"

लातूरच्या ज्या महिला महाविद्यालयात मी बी.ए. केलं, तिथं त्या खेळाच्या मॅडम होत्या. आता मी नांदेडला एम.ए. करते. इथल्या मैत्रिणींना मी त्यांच्याबद्दल सांगते तेव्हा त्या हसतात. मलाही हसू येतं, पण थोडं सांगून झालं की पुढचं सांगावंसं वाटत नाही. लिहून बघावं म्हणून बसले आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

मी मुदखेडजवळच्या एका खेड्यातली. वडील स्टेशनवर हमाली करतात. आमच्या वस्तीतून मुलींमध्ये कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शाळेत असताना आमच्या विहारात जयंतीच्या आठवड्यात पडदा लावून एक खेळाचा सिनेमा दाखवला होता. गरीब घरातली मुलगी, फाटके बूट, आणि शेवटी गळ्यात पदक. तो बघून मी आईला म्हणाले होते की मी लांब शिकायला जाणार. म्हणजे मी लातूरला आले ती एका अर्थी त्या सिनेमामुळेच. त्यामुळे मॅडमचं बोलणं मला सुरुवातीला फार लागायचं.

पहिल्या वर्षी त्यांनी मैदानाच्या कडेनं जाणाऱ्या मला हाक मारली होती.

"ए पोरी, पळता येतं का?"

"हो, मॅडम."

"कुणापासून?"

त्या म्हणाल्या, "विचार करून ये उद्या. खो-खोत तेवढंच असतंय. कुणापासून पळायचं आन् कुणाला धरायचं."

अशी मी संघात आले. मी काही मोठी खेळाडू नव्हते. मधल्या पाटीवर आखलेल्या चौकोनात बसायचं, पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की उठून धावायचं, एवढं मला बरं जमायचं.

मॅडमची सिनेमाची मतं आम्हाला मैदानावरच ऐकायला मिळायची, तीही आम्ही धापा टाकत असताना, म्हणजे कुणी उलट बोलू नये. कपडे बदलायच्या खोलीत भाषण करणाऱ्या कोचवर त्यांचा विशेष राग. "भाषण द्यायची पाळी आली म्हणजे त्यानं सराव घेतलेला न्हाई." खेळाडू तयार होताना मागं गाणं वाजतं, त्यावर तर त्या चिडायच्याच. "एका गाण्यात पोरगी तयार! आमचं गाणं तीन वरीस चालतंय, आन् दुसरं कडवं संपायच्या आत पोरीचं लगीन." आणि शेवटी तो बाप. आधी नको नको म्हणणारा, शेवटच्या सामन्याला गर्दीत मागं उभा राहून डोळे पुसणारा. "इतकी वर्षं मैदानावर हाय मी. बाप आला तर पोरीला न्यायलाच येतो. डोळे पुसायला कोण यस्टीचं तिकीट काढतंय?"

एकदा मी धीर करून म्हणाले, "पण मॅडम, प्रेरणा तर मिळते ना?"

"प्रेरणेनं गुडघा भरून येतो का? दाखव तुझा."

माझा गुडघा तेव्हा सोललेलाच होता.

गंमत म्हणजे सुपरहिरोंचे सिनेमे त्या एकही सोडायच्या नाहीत. हिंदीत डब होऊन आलेला कोणताही उडणारा, आग ओकणारा, इमारती पेलणारा माणूस लातूरच्या टॉकीजला लागला, की पहिल्या दिवशीच्या खेळाला मॅडम हजर. पुढच्या स्वस्त रांगेत, शिट्ट्या मारणाऱ्या पोरांच्या मध्ये, पन्नाशीच्या, पिकल्या केसांची वेणी घातलेल्या. ते सिनेमे मात्र नावं संपेपर्यंत बघायच्या. त्यातही चुका काढायच्याच. "मागं ते धोतर सोडून काय उडायलाय हा? आमच्या खांबाला अडकला तर जाग्यावर बाद." पण प्रेमानं.

मला हे कळायचं नाही. खेळाचा सिनेमा निदान माणसांचा असतो. मी तसं विचारलं तेव्हा त्या मैदानावरच्या रोलरच्या दांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे बघ, हा उडणारा काय म्हणतो? माझ्यात ताकद हाय, तुझ्यात न्हाई, तू गप बसून बघ. खरं बोलायलाय ना तो? त्यानं मला फसवलं का? न्हाई. आन् तुझा तो खेळाचा शिनेमा म्हणतो, मेहनत कर, तुलाबी मिळल. ही लबाडी लई मोठी हाय बाई. ती माणसाला आयुष्यभर पुरती." मग रोलरचा दांडा उचलत, "शिवाय ह्याला कुणी रहिवासी दाखला मागत न्हाई. ह्या गावातून उडाला, त्या गावात उतरला. कुणी इचारत न्हाई, बाबा तू कोणत्या जिल्ह्याचा."

आम्ही खूप हसलो. मीरा तेवढी हसली नाही, पण ती कशालाच फारशी हसायची नाही.

मीरा उदगीरकडच्या एका खेड्यातली. घरची थोडी कोरडवाहू शेती. बुटकी, सावळी, वर्गात आहे की नाही हे कळू न देणारी. मैदानात आली की तीच मुलगी वेगळी व्हायची. खांबाजवळ पळणारी मुलगी आता सुटली असं वाटत असताना मीरा जमिनीला समांतर सूर मारायची आणि तिची बोटं त्या मुलीच्या टाचेला लागलेली असायची. मॅडम तिला कधी शाबास म्हणाल्या नाहीत. फक्त त्या वेळी शिट्टी तोंडातून काढून हातात धरायच्या.

त्या वर्षी जिल्ह्याची स्पर्धा आमच्या मैदानावर होणार होती. त्यातून राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. मीराची निवड होणार याबद्दल आम्हाला कुणालाच शंका नव्हती. मॅडमनाही नव्हती, पण त्या तसं बोलू द्यायच्या नाहीत. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांची एकही मुलगी जिल्ह्याचा शर्ट घालून राज्याला गेली नव्हती. कुणी गुडघ्यामुळे राहिली, कुणी लग्नामुळे. आता मीरा होती.

आणि त्याच वर्षी पाणी नव्हतं.

लातूरच्या त्या उन्हाळ्याबद्दल बाहेर खूप लिहून आलं. आम्हाला त्यातलं रोजचं तेवढं माहीत. नळ आला तर कुठल्या दिवशी, टँकर आला तर कुठल्या वेळी. रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लोक स्टेशनवर बघायला गेले होते. मॅडमही गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "शिनेमात त्या उडणाऱ्यानं अख्खी गाडी एका हातानं वढून आणली असती. पण खरं सांगू का, त्यांच्यापैकी एकानंबी आजपर्यंत कुठं पाणी न्हेलेलं मी बघितलं न्हाई. सगळे नुसते जग वाचवतेत."

खो-खोचं मैदान मातीचं असतं. त्यावर पाणी मारून, माती मुरू देऊन, रोलर फिरवावा लागतो. नाही तर ते विटेसारखं होतं आणि सूर मारणाऱ्या मुलीची कोपरं आणि गुडघे सोलून निघतात. मॅडम प्राचार्यांकडे टँकर मागायला गेल्या. मी सोबत होते.

"मॅडम, प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही मातीला मागता?" प्राचार्य म्हणाले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मॅडम उठून दाराकडं निघाल्या. प्राचार्यांनाच मग वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "आपण मुलींसाठी एक चांगला सिनेमा दाखवू. त्यांचं मनोबल वाढेल."

सभागृहात तो सिनेमा झाला. अर्थात खेळाचाच. शेवटचा सामना सुरू झाला आणि पहिल्या रांगेतून मॅडम उठल्या.

प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, शेवट तर बघा."

"शेवट म्हाईत हाय, सर. पाण्याचं काय ते बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला हॉस्टेलच्या न्हाणीघरासमोर गोळा केलं. प्रत्येकीनं मोठ्या घमेल्यात बसून अंघोळ करायची आणि ते पाणी बाहेरच्या पिंपात ओतायचं. भांड्यांचं पाणी नको, त्यात खरकटं असतं, मैदानात मुंग्या होतील. कपड्यांचं चालेल. आधीच एका बादलीत अंघोळ चालली होती, त्यातलीही अर्धी अंगावरून जमिनीत जायची. आता एक थेंब कुणी सोडेना. संघात नसलेल्या मुलीही पाणी आणून ओतायच्या. संध्याकाळी आम्ही त्या पिंपातलं पाणी तांब्यातांब्यानं मैदानावर शिंपडायचो आणि मॅडम स्वतः रोलर ओढायच्या. मातीवर बारीक फेस यायचा. सगळ्या मैदानाला साबणाचा वास.

"मैदानच अंघोळ करायलंय," एक मुलगी म्हणाली, "आपल्याला नुसता वास."

हळूहळू माती मऊ झाली. मीरानं पहिल्यांदा त्या मातीवर सूर मारला, उठली, गुडघे झटकले आणि गुडघ्यांकडे बघतच राहिली. कुठं खरचटलं नव्हतं. तेव्हा ती हसली होती.

त्याच दिवसांत उदगीरकडचा नवा जिल्हा होणार अशी आवई उठली. तशी ती दर काही वर्षांनी उठते. आमच्याकडच्या पोरांना बातमीपेक्षा मोर्चाच आवडतो. एके दिवशी नव्या जिल्ह्यासाठी मुलांचा एक मोर्चा आमच्या फाटकाशी आला. मुलींनीही सामील व्हावं म्हणून घोषणा चालल्या होत्या. मॅडम मैदानातून शिट्टी वाजवत धावत गेल्या आणि त्यांनी फाटकाला कडी घातली.

"आमच्या पोरींची निवड होईस्तवर जिल्हा करायचा न्हाई!"

मुलं हसायला लागली. "मॅडम, जिल्हा काय आम्ही करायलाव का?"

"कुणीबी करू नका! स्पर्धा होऊ द्या, मग काय तुकडे करायचे ते करा!"

तेव्हापासून गावात त्यांना 'जिल्हा मॅडम' म्हणायला लागले. स्टाफरूममध्ये कुणी मुद्दाम विचारायचं, "काय मॅडम, आज परवानगी आहे का जिल्ह्याला?" मलाही हे त्यांच्या अनेक विक्षिप्तपणांपैकी एक वाटलं होतं. संध्याकाळी रोलर ओढता ओढता मी त्यांना विचारलं.

त्या औश्याकडच्या एका गावातल्या. शाळेत असताना खो-खोत त्यांची निवड झाली होती, जिल्ह्याच्या संघात. जिल्हा म्हणजे तेव्हाचा जुना, अख्खा जिल्हा. राज्य स्पर्धेचं शिबिर ठरलं होतं, त्यांच्या आईनं नवे सपाट बूट घेऊन दिले होते. आणि लातूर वेगळा जिल्हा झाला.

"गावात ताशा वाजला. पेढे वाटले. मीबी नाचले गं. तोंडभर गुलाल. मला वाटलं, आता आपला जिल्हा झाला, म्हणजे काहीतरी आपल्याला मिळालं." त्या रोलर थांबवून बोलत नव्हत्या, ओढत ओढतच बोलत होत्या. "शिबिराला गेले तर तिथले गुरुजी म्हणाले, बाळ, तुझं गाव आता आमच्यात न्हाई. इकडं आले तर इकडं अजून संघच न्हाई. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी माझं वय बसलं न्हाई."

मी रोलरला मागून हात लावला.

"हरले असते तर चाललं असतं. कुणी हरवलंच न्हाई मला. नकाशावर रेघ मारली, आन् मी बाद. असा शिनेमा हाय का तुझ्याकडं एखादा? मी स्वतःच्या बाद होण्याचा गुलाल खेळलेली बाई हाय." मग माझ्याकडे न बघता, "मीराचं गाव त्या अंगाला हाय. म्हणून म्हणते, पंधरा-वीस दिवस कुणी रेघ मारू नका."

रेघ कुणी मारली नाही. तो जिल्हा तेव्हा झालाच नाही. मॅडम ज्या बाजूला पहारा देत होत्या, त्या बाजूनं काही आलंच नाही.

स्पर्धेच्या तोंडावर हॉस्टेल रिकामं करायची सूचना लागली. पाणी पुरवणं शक्य नाही, मुलींनी आपापल्या गावी जावं. संघातल्या मुलींना मॅडमनी स्वतःच्या भाड्याच्या दोन खोल्यांत नेलं. घरमालक कुरकुरला. एकेका मुलीच्या घरून फोन यायला लागले. शहर पाण्याविना आहे हे गावोगाव माहीत झालं होतं, आईबाप घाबरले होते. तीन मुली गेल्या. आम्ही नऊ उरलो. मैदानात उतरायला नऊच लागतात. मॅडम म्हणाल्या, "आता कुणी शिंकायचंसुद्धा न्हाई."

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मीरानं समोरच्या संघाला नीट श्वास घेऊ दिला नाही. निवड समितीतल्या एका सरांनी मॅडमना विचारलं, "ही कुठली हो?" मॅडम म्हणाल्या, "आपल्याच जिल्ह्याची." हे सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळाच लागला. निवड दुसऱ्या दिवशी, उपांत्य आणि अंतिम सामना बघून, हजर खेळाडूंतून करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानात अंग मोकळं करत होतो. फाटकाजवळ धोतर-टोपीतला एक माणूस येऊन उभा राहिला. हातात पिशवी. मीरा थबकली.

"अप्पा."

माझ्या शेजारची मुलगी कुजबुजली, "अगं, बघ! शिनेमावानी." आणि मला, खरंच सांगते, तसंच वाटलं. इतक्या लांबून, उदगीरच्या पलीकडून, मुलीचा खेळ बघायला बाप आला.

मॅडमना तसं वाटलं नसावं. त्या चालत गेल्या, पण फार हळू चालत गेल्या.

"राम राम, बाई. रागावू नका," तो म्हणाला. "हिची माय टँकरपाशी पडली. गर्दीत ढकलाढकली झाली. कंबरेत मार हाय, उठता येईना. घरी पाणी भरायला कुणी न्हाई. हिचा भाऊ पुण्याकडं कामाला हाय, म्या एकला. म्या रानातलं बघू का टँकर बघू?"

"दुपारपर्यंत थांबा की, भाऊ. तिची निवड हाय आज."

"बस हाय आता. दुसरी लई उशिरा हाय. माय तिथं शेजारणीच्या भरवशावर टाकून आलो." त्यानं मैदानाकडं पाहिलं. ओल्या, सारख्या केलेल्या, तांबूस मातीकडं पाहत म्हणाला, "इथं लई पाणी मारलंय की, बाई."

मॅडमना सांगता आलं असतं की ते कसलं पाणी आहे. त्या मीराकडं वळल्या आणि म्हणाल्या, "जा. आईची कंबर शेक. तेल कोमट करून लाव, लई गरम नको."

मीरानं सलवार-कुर्त्यावर घातलेला संघाचा शर्ट डोक्यातून काढला, घडी घातली आणि मॅडमच्या हातात दिला. रडली वगैरे नाही. बापाची पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि दोघं फाटकाबाहेर गेली. ती पुन्हा कॉलेजला आली नाही.

आम्ही आठ जणी पाटीशेजारी उभ्या राहिलो. यादीत नाव नसलेली मुलगी आयत्या वेळी घेता येत नव्हती. पंचांनी घड्याळ बघितलं, मॅडमकडं बघितलं, आणखी थोडा वेळ दिला. मग शिट्टी वाजवून समोरच्या संघाला पुढे चाल दिली. न खेळता ते अंतिम सामन्यात गेले आणि न खेळता आम्ही बाद झालो. मॅडमचं तेच दुसऱ्यांदा झालं. त्या आम्हाला म्हणाल्या, "शर्ट बदलू नका. यजमान हाव आपण. पाणी-बिणी बघा लोकांचं."

दुपारी अंतिम सामना होता. मला वाटलं, आता या उठतील. घरी जातील, निदान समोरच्या गाड्यावर चहाला तरी जातील. आम्ही सगळ्या त्यांच्याकडंच बघत होतो. त्यांनी खांबाच्या रेषेत एक लोखंडी खुर्ची ओढली आणि मीराच्या शर्टाची घडी मांडीवर ठेवून बसल्या. पूर्ण सामना बघितला. एकदाही मान वळवली नाही. तो एकच शेवटचा सामना मी त्यांना पूर्ण बघताना पाहिला, आणि त्यात आमचं कुणी नव्हतं.

सामना अगदी अटीतटीचा झाला. शेवटच्या मिनिटाला एका मुलीनं खांबाजवळ लांब सूर मारला, तिची बोटं पळणारीच्या टाचेला लागली, आणि तिचा संघ जिंकला. सगळे उभे राहिले. प्राचार्य टाळ्या वाजवत म्हणाले, "अगदी सिनेमासारखं!"

ती मुलगी धापा टाकत पिण्याच्या पाण्याच्या माठाशी आली. मॅडमनी तिचं मनगट धरलं, कोपर उलटं करून पाहिलं, मग खाली वाकून तिचे गुडघे पाहिले.

"सोललं का गं कुठं?"

"न्हाई, मॅडम. तुमचं ग्राउंड लई मऊ हाय." मुलीनं बाही नाकाशी धरली. "पण मॅडम, साबणाचा वास कशाचा यायलाय?"

"इथं आमच्या पोरी अंघोळ करून गेल्या," मॅडम म्हणाल्या, आणि तिला पाण्याचा पेला भरून दिला.